बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

३ मार्च

चि. खारूताईस,

आजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून काढलेलं, तेव्हा चष्मा लावूनच वाच. बातमीच तशी आहे! तुझी आजी आता तुझ्याच धंद्यात आलीय. तू जगभरच्या डॉक्टरांनी केलेले प्रयोग गोळा करतेस, चाळतेस, कोणतं औषध खरंच लागू पडतं ते शोधतेस ना? तसला एक प्रयोग माझ्या गुडघ्यावर चाललाय. दर आठवड्याला दवाखान्याची गाडी दारात येते. मी आणि खालच्या मजल्यावरची शिवणवाली राण्यांसारख्या बसून जातो. वाटभर ती माझ्या शिवणातल्या टाक्यांना नावं ठेवते आणि मी तिच्या घोरण्याला.

तर काय सांगत होते, नर्सबाई आम्हाला एकेक बाटली देते. कुणाच्या बाटलीत खरी गोळी, कुणाच्यात नुसता खडू. कुणाला काय आलंय ते तिलाही ठाऊक नाही. आता तूच सांग, एकीला गुण यायचा आणि दुसरीने खडू गिळत बसायचं, हा कुठला न्याय? आम्ही दोन्ही बाटल्या बिस्किटांच्या डब्यात ओतल्या, डबा खुळखुळवला आणि तेव्हापासून त्यातूनच घेतो. नर्सबाईला पत्ताही नाही! आहे की नाही आजी हुशार?

जेवत जा. पत्र नाही आलं तर कान ओढीन.

तुझी आजी

१४ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी मी हसून लोळले, मग पुन्हा वाचलं आणि हसू थांबलं. चार दिवस ते खणात लपवून ठेवलं. दुसऱ्यांच्या प्रयोगातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि आजीची चूक म्हणताच मी पळवाटा शोधत बसले. लाज वाटली.

आजी, दोन बाटल्या वेगळ्या राहिल्या तरच गोळीत दम आहे की नाही ते कळतं. मिसळल्या की चांगली गोळी खडूसारखी दिसते आणि खडू गोळीसारखा. प्रयोग लहान आहे, त्यात तुम्ही दोघी म्हणजे थोड्या नाही. त्याचे आकडे उद्या आमच्याच टेबलावर येतील, इतर प्रयोगांच्या आकड्यांत मिळवले जातील, आणि त्यावरून डॉक्टर ठरवतील की ही गोळी द्यायची की नाही. दुसऱ्या कुठल्या आजीचा गुडघा तुझ्या डब्यावर अडकलाय बघ.

मी दवाखान्यात कळवू शकते, पण तू सांगावंस असं वाटतं. तू नाहीच सांगितलंस तर मात्र मला गप्प बसता येणार नाही. रागावलीस तरी डोक्यावरचा हात काढू नकोस.

तुझी खारूताई

२० एप्रिल

चि. खारूताईस,

आशीर्वाद, नेहमीइतकेच. रागावले नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून उशीर.

आधी शिवणवालीकडे गेले. ती भडकलीच. म्हणाली की तुझी नात शहाणी, पण आपल्याला काढून टाकलं तर गाडी बंद होईल त्याचं काय? तिचा मुलगा फोनवर उत्तरासकटच विचारतो, बरी आहेस ना म्हणून. नर्सबाई मात्र प्रश्न विचारून थांबते, जिना किती चढलात ते ऐकून घेते. तेवढं एक तिला आहे, आणि तेच मी हिसकावायला निघालेले. डबा तर माझाच होता ना!

मग मी ठरवलं, सगळं आपल्याच अंगावर घ्यायचं. दवाखान्यात नर्सबाईला आणि प्रयोगाच्या डॉक्टरांना सांगून टाकलं की बाटल्या मीच मिसळल्या, शिवणवालीला यातलं काही ठाऊक नाही. म्हणजे खोटं निस्तरायला दुसरं खोटं! तेवढ्यात शिवणवालीच डबा छातीशी धरून दारात. डॉक्टरांपुढे आपटला आणि म्हणाली की ही बाई शिवण्यात कच्ची आहेच, थापा मारण्यातही कच्ची आहे.

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. मला वाटलं, आता हाकलतात. पण म्हणाले की काढायचं कुणालाच नाही. सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून जिला जो गट आला, गोळीचा की खडूचा, त्यातच तिला धरायचं, आणि झालेला घोळ लपवायचा नाही, लिहायचा. चुकणाऱ्यांना वगळलं तर शहाणीच माणसं उरतील, आणि औषध काय फक्त शहाण्यांनाच द्यायचंय? वर सांगितल्याबद्दल आभार मानले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाडी चालू आहे. शिवणवालीने नव्या बाटल्यांना दोन पिशव्या शिवल्यात, माझी लाल, तिची निळी.

पण खारूताई, हल्ली मी जिना भराभर चढते आणि ती मधल्या पायरीवर गुडघा धरून उभी राहते. मला पुढे जा म्हणते. कुणाची बाटली कसली ते अजून कुणालाच ठाऊक नाही, माझं आपलं मनच खातं. तुला लहानपणी वाटून खायला मीच शिकवलं ना ग? आता सकाळी ती निळी नाडी सोडते, मी लाल, आणि आम्ही एकमेकींकडे न बघता गिळतो.

तुमचं ते उत्तर लवकर काढा. माया आहेच, ती तेवढी वाटून घेतली तर चालते ना?

तुझी आजी