तू विहिरीवर लावलेली लाईन

आई, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याहून मी आज म्हातारी आहे, म्हणून आता तुझ्याशी बरोबरीने बोलायला हरकत नाही असं वाटतं. मी शहापुरात राहते. घरात नळ आहे. आपल्या तालुक्यातल्या धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच गावात टँकर येतो. परवा गावी गेले तर त्या टँकरभोवती बायकांची झोंबाझोंबी चाललेली. कुणाची कळशी चेपली, कुणाचा पदर फाटला. मी बाजूला उभी राहून पाहत होते, आणि मनात एकच आलं, इथे आज तू असतीस तर पाच मिनिटांत सगळ्यांना गप्प केलं असतंस.

मुंबईत तू आलीस ती वैशाखरे गावची पोर होतीस, ओढ्यावरून पाणी आणणारी. चाळीत तीस खोल्यांना मिळून दोन नळ. तूच सांगायचीस की पहिला महिनाभर तुझा हंडा कधी भरलाच नाही, सगळ्या ढकलून पुढे जायच्या आणि तू रिकामी वर यायचीस. शेजारच्या खोलीतली तेलंगी मावशी तुला आपल्यातली अर्धी बादली द्यायची. मला आठवते ती मात्र वेगळीच बाई. मला दिसते ती नळाजवळच्या ओट्यावर बसलेली आहे, समोर विटा आणि फुटके डबे ओळीने मांडलेले आहेत, ज्याची वीट आधी त्याचा हंडा आधी. बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल त्या खोलीचा हंडा तेवढा सगळ्यांत पहिला. यावर कुणी भांडत नसे. तुझ्या आवाजाला घाबरून नव्हे, तुला मोठा आवाज नव्हताच. तू स्वतःचा हंडा कधी एका विटेनेसुद्धा पुढे सरकवला नाहीस, हे सगळ्या चाळीने पाहिलेलं होतं.

मी बारा वर्षांची असेन तेव्हा मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली. खिडक्यांना काळे कागद लागले. ज्यांची गावं जवळ होती ते बोचकी बांधून निघाले. पुरुषांना गिरणी सोडता येत नव्हती, आणि ज्यांचं गाव लांब, दोन दिवसांच्या वाटेवर, त्या बायका पोरांना पोटाशी धरून जिन्यात बसून राहिल्या. तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माजं गाव हाय ना. चला." बाबांना गावच्या थोरल्या काकांची धास्ती, ते मागून म्हणाले, "अगं, एवढ्या जणी? दादा काय म्हणतील?" तू वळूनही न बघता म्हणालीस, "म्हनतील ते मी ऐकीन. तुमी नका ऐकू."

सात बायका आणि त्यांची पोरं घेऊन आपण आसनगाव स्टेशनात उतरलो. पोरं आणि बोचकी बैलगाडीत, बाकी सगळ्या चालत. घराच्या दारात थोरली काकी उभी होती. तिने डोकी मोजली, आत गेली आणि चुलीवरचं लहान पातेलं उतरवून मोठं चढवलं. पडवीत तू तीन दगडांच्या दोन चुली मांडल्यास. कुणी पेज शिजवायचं, कुणी भाकऱ्या थापायचं. तेलंगी मावशीच्या चिंचेच्या साराने काकीला पहिल्या दिवशी ठसका लागला, आणि आठ दिवसांनी तीच वाटी घेऊन यायला लागली, "थोडा घाल गो त्या लाल पाण्यातला." मला वाटायचं आपली चाळच उचलून कुणीतरी शेतात आणून ठेवली आहे.

पण चैत्र सरला आणि विहीर तळाला गेली. गावाला विहीर एकच. पोहरा अर्धा चिखल घेऊन वर येऊ लागला, आणि भांडणं सुरू झाली. गावातल्या बायकांनी स्पष्टच सांगितलं, "तुजी मंबय तुज्या संगती परत ने. आमच्या पोरांनी काय प्यायचा?" त्यांचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू विहिरीवर जाऊन बसलीस आणि आलेला प्रत्येक हंडा ओळीने मांडायला लागलीस. घरटी दोन हंडे, चाळीतल्या बाईला एक. आधी येईल त्याचा आधी. गावकरणी हसल्या. मीही शहाणपणा केला, आपलंच गाव म्हणून माझी कळशी गुपचूप तिसऱ्या नंबरावर सरकवून भरून घेतली. तू ती माझ्या डोक्यावरून उतरवलीस आणि सगळ्यांसमोर दुसऱ्याच एका म्हातारीच्या हंड्यात ओतलीस. "जा, शेवटाला उभी ऱ्हा." मी रडले. पण त्या दिवसापासून हसणाऱ्या बायका मुकाट्याने ओळीत हंडे ठेवायला लागल्या.

मग खालच्या वाडीचा प्रश्न आला. वाडीतल्या बायकांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. त्या लांब बसून राहायच्या, कुणाला दया येईल तेव्हा कुणीतरी वरून पाणी ओतायचं, आणि त्या उन्हाळ्यात दया कुणालाच परवडत नव्हती. तू त्यांचेही हंडे ओळीत ठेवलेस. संध्याकाळच्या आत थोरले काका विहिरीवर आले. तू थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हतीस. पदर डोक्यावरून पुढे ओढून तू पाठ फिरवलीस, आणि मला मध्ये उभं केलंस.

काका म्हणाले, "पोरी, तुज्या आयेला सांग, वाडीचा हंडा लाईनीत नाय चालायचा."

तू म्हणालीस, "काकांना सांग, हंड्याला जात नसते. दोराला तिनी हात नाय लावला. पानी मी काढून घालते, माज्या हातानं. पन नंबर तिचा हाय तर तिचा."

"आनि गावानं वाळीत टाकला तर? तिला इचार, मंग कुठं जानार?"

"काकांना सांग, वाळीत टाकाया गाव जगला पायजे. इथं गाळ साचलाय, झरा बुजलाय. बाप्ये कोळशाच्या भट्ट्यांवर रानात. गाळ काढाया माज्याकडं सात बाया हायत. दोर धराया येक पुरुस द्या म्हनावं."

काका तुझ्यापासून चार हातांवर होते, सगळं त्यांना ऐकू जात होतं, तरी प्रत्येक वाक्य मी पुन्हा उच्चारत होते. ते कठड्याजवळ गेले, चपला काढल्या, आणि दोर हातात घेऊन म्हणाले, "पयली कोन उतरतंय?"

तेलंगी मावशी उतरली. लुगड्याचा काचा मारून, गिरणीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कामाला जावं तशी सहज. तीन दिवस काम चाललं. गाळाच्या पाट्या हातोहात वर येत होत्या, शेतापर्यंत बायकांची साखळी, त्यात चाळीतल्या होत्या, गावातल्या होत्या, आणि वाडीतल्याही. कुठली पाटी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली हे कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि बोललं नाही. तिसऱ्या दिवशी खालून मावशी तिच्या भाषेत काहीतरी ओरडली. कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांना समजलं. झरा मोकळा झाला होता. पाणी गुडघाभर चढलं आणि पावसाळा लागेपर्यंत उतरलं नाही.

पाऊस लागल्यावर हूल ओसरली आणि आपण मुंबईला परतलो. पुढच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा लाईन मोडलेली होती आणि वाडीतल्या बायका पुन्हा लांब बसलेल्या होत्या. तू घरी येऊन चूल पेटवायला बसलीस आणि कितीतरी वेळ नुसती फुंकत राहिलीस. काकीने मात्र बाळंतिणीचा हंडा आधी भरायची रीत मरेपर्यंत पाळली. तेवढंच उरलं. ते थोडं नाही असं मला आता वाटतं.

मी पुढे शिक्षिका झाले. ही हकीकत शाळेत पोरींना किती वेळा सांगितली असेल. पण आई, गाळ काढल्यावर तुला दोन दिवस ताप आला होता आणि तू मला विहिरीवर धाडलं होतंस, तो भाग मी अर्धाच सांगते. त्या दिवशी तिसरा नंबर वाडीतल्या एका बाईचा होता, जिच्या कडेवर नेहमी पोर असायचं. मी दोर घेतला, तेवढ्यात माझ्या वयाच्या गावातल्या पोरी फिदीफिदी हसल्या, "ही पन वाडीचीच झाली वाटतं." मी दोर सोडला आणि त्या बाईला म्हटलं, "आई नाय आज. उद्या ये." तिने माझ्याकडे पाहिलं, हंडा उचलला आणि ती गेली.

संध्याकाळी तू अंथरुणातून विचारलंस, "समद्यांना पानी भेटला ना गो?" मी हो म्हटलं. तू सगळ्या चाळकरणींसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवलास, तो तापाने भाजत होता. "माज्या पोरीनं लाईन चालवली," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विहिरीवर गेलीस, ती बाई आली, तू तिचा हंडा भरलास. ती तुला सांगेल म्हणून मी कठड्याआड उभी होते. तिने सांगितलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. पण तुझ्या त्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं होतं. सगळ्यांना पाणी मिळालं नव्हतं, आई.