कॉकपिटमधला माझा आवाज

४ मार्च
डोकं फिरलंय नुसतं! उतरताना मी म्हटलं, "सर, फार वेगाने खाली चाललोय." पुन्हा म्हटलं, तर म्हणतात, "दिसतंय मला!" मग इशारा देणारं यंत्र तेच बोललं — तर कप्तानसाहेबांनी लगेच विमान सावरलं! वर मलाच ऐकवतात, "बघ, यंत्र कसं वेळेवर बोलतं!"
आणि यंत्राचा आवाजही बाईचाच! मी को-पायलट आहे की पाहुणी?

५ मार्च
नवऱ्याला सांगितलं. म्हणे, "मग तूही यंत्रासारखी बोलून बघ." ताटावरून उठले.

१२ मार्च
सरावाच्या खोट्या कॉकपिटवर, सिम्युलेटरवर, नवी यंत्रणा आली — तोंडी हुकूम ऐकून चाकं खाली-वर करणारी. माझं पहिल्या झटक्यात ऐकते. साहेब तोंडातल्या तोंडात पुटपुटणार, त्यांना "कृपया पुन्हा सांगा!" मला हसू आवरेना.
इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत. इशाऱ्यांसाठीही तुमचाच आवाज घेऊ या?"
घ्या की! आता बघते कसे ऐकत नाहीत.

१९ मार्च
घसा सुकेपर्यंत रेकॉर्डिंग. "मॅडम, राग जरा कमी." कुठून कमी करू? आता मी कधीच न बोललेली वाक्यंही कॉम्प्युटर माझ्या आवाजात बोलतो. अंगावर काटा आला.

२७ मार्च
यंत्रणेची चाचणी. सिम्युलेटरमध्ये साहेब आणि मी. धुकं, समोर डोंगर. यंत्र माझ्या आवाजात — "डोंगर! वर घ्या!" साहेबांनी हात झटकला, "दिसतंय मला!" यंत्र पुन्हा बोललं. "अगं, किती बडबड!" पडदा लाल. आपटलो!
मी उसळलेच. चाचणी घेणाऱ्या बाईंना म्हटलं, "बघितलंत? आवाज माझा झाला की यंत्राचंही ऐकत नाहीत!"
"त्यांची चूक लिहिलीय मी," त्या म्हणाल्या. "पण दोनदा सांगून ऐकलं नाही, तर विमान तुम्ही हातात घ्यायचं असतं. तुमचे हात कुठे होते?"
मांडीवर. तोंडही बंद होतं. मी साहेबांची फजिती व्हायची वाट बघत होते.

२८ मार्च
चाचणी यंत्राची होती, वैमानिकाची नव्हे म्हणे, म्हणून साहेब उडतच राहणार! संताप होतो. झोपही नाही.

२ एप्रिल
खरं विमान, खरे प्रवासी, पुन्हा साहेबच. उतरताना फार खाली आलो. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. मग "कंट्रोल माझ्याकडे!" म्हटलं आणि विमान वर घेतलं.
यंत्राला बोलायची वेळच आली नाही.