वाण राजेश्री-१, मुक्काम झरी

११ जानेवारी २०२५, शनिवार. सकाळी ७.४०
आजपासून संशोधन. ब्लूबेरीची दोन झाडं काल कुरिअरने परभणीत आली. एसटीत मांडीवर घेऊन झरीला आणली. दोन्ही वेगवेगळ्या जातींची, दोन्हींवर कळ्या. परभणीच्या फळ मार्केटात ब्लूबेरी दिसत नाही, दिसली तर डबीत, फ्रीजमध्ये मेलेली. आपल्या हवेत तगणारा, ताजा विकता येणारा नवा वाण काढायचा. नाव ठरलं: राजेश्री-१. पोरीला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.
मंजुषा म्हणाली, आधी झाडं तर जगू द्या. रिटायर माणसाचा उत्साह बायकांना बघवत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
ट्रंकेतून राजेश्रीची बीएस्सी ॲग्रीची वही काढली. वनस्पती प्रजनन. सगळी कृती पायरीपायरीने लिहिलेली. वहीत राहुरीचं एमएस्सीच्या ॲडमिशनचं पत्रही निघालं. २०१९ चं. एवढ्या लांब पोरीला एकटं कोण पाठवतं? नांदेडचं स्थळ चांगलं होतं, हातचं जाऊ द्यायचं का? पत्र बाजूला ठेवलं. त्याचा इथे काही संबंध नाही.
संध्याकाळी फोन झाला. आईशी अर्धा तास बोलली. मी फोन घेतला आणि तीळगूळ घे म्हणालो, तर कट. झरीत नेटवर्कचा लय प्रॉब्लेम आहे.

१९ जानेवारी
संकर! कळी उमलायच्या आत चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने लावायचे, वरून मलमलची पिशवी बांधायची. चिमटा मंजुषाचा, न विचारता घेतला. चाळीस फुलांवर काम केलं. एकतीस हातातच तुटली. नऊ राहिली. संशोधनात आकड्यापेक्षा क्वालिटी महत्त्वाची.

२ एप्रिल
नऊपैकी तीन फुलांना फळं धरली. निळीशार. परभणीला जाऊन भुजंगला दाखवली. भुजंग माझा जुना विद्यार्थी, फळांचं दुकान आहे. म्हणाला, सर, एक खाऊन बघू का? मी डबी लगेच झाकली. आत बी आहे बाबा, पुढच्या पिढ्या आहेत. तो म्हणाला, गिऱ्हाईक चव बघितल्याबिगर घेत न्हाई सर, आन् हितं तर बोरं खपायलीत. भूगोलातही तो काठावरच पास झाला होता.
साठेक बिया निघाल्या. वहीप्रमाणे ओल्या टिश्यूत गुंडाळून तीन महिने फ्रीजमध्ये. डबीवर लिहिलं, हात लावू नये. मंजुषाने डबी कोथिंबिरीखाली सारली.

२० मे. दुपारी ३. त्रेचाळीस डिग्री
दोन्ही झाडं वाळली. ब्लूबेरीला आंबट माती लागते आणि आपलं बोअरचं पाणी खारं. त्यावर उपाय म्हणून मी महिनाभर रोज तांब्याभर ताक ओतत होतो. मुंग्या आल्या, वास सुटला, शेजारची मांजर कुंडीत मुक्कामाला आली. मंजुषा म्हणाली, माणसाला न्हाई ताक आन् झाडाला रतीब.
हरकत नाही. आईबापांचं काम संपलं होतं. खरा वाण फ्रीजमध्ये आहे. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय, हवामान मला कुणी शिकवू नये.

६ जुलै
पेरणी. बारा कुंड्या. वहीत लिहिलंय, कोकोपीट घ्या आणि उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. कुणी सांगितलेत हे चोचले. उकिरड्याचं मुरलेलं शेणखत घातलं. घरचं ते घरचं.

३० जुलै
उगवलं!! एकेका कुंडीत दोन-दोन, तीन-तीन रोपं. हिरवीगार, जोमदार, बोटभर उंच. आजूबाजूला थोडं बारीक तण आहे. लालसर, मोहरीएवढी पानं, चष्मा लावल्याशिवाय दिसतही नाही. रोपांचं खातंय. चिमट्याने एकेक उपटायला घेतलं.
वहीत या पानावर लाल पेनाने दोन रेघा आहेत: रोप ओळखू येईपर्यंत कुंडीतलं काहीही उपटू नये. फार सावध पोरगी. लहानपणी पायरी उतरायलासुद्धा बोट धरायची.

१२ ऑगस्ट
तणाचा नायनाट. रोज सकाळी चहाआधी तासभर. चिवट होतं, पण मी जास्त चिवट. बाराही कुंड्या स्वच्छ. रोपं गुडघ्याला लागायलीत.

१५ सप्टेंबर
फुलं आली. पांढरी. पुस्तकात म्हणे ब्लूबेरीला बी पेरल्यापासून फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. माझ्याकडे दहा आठवडे! हे परभणीच्या उन्हाचं श्रेय, आणि थोडं माझं. फुलांना पिशव्या बांधल्या.
अंगण झाडायला कडूबाई येतात. म्हणाल्या, सर, कामोणीला झबली कामून घातली? ती तर आमी उपटून फेकतो, न्हाईतर पाल्याची भाजी करतो. आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मंजुषानेही री ओढली, अवो, मी कवाची सांगायलेय, ती कामोणीच हाय. उकिरड्यावर ढीगभर उगवती. दोघी चौथी पास. मी शांतपणे समजावलं की वाण नवीन असला की तो कुणालाच ओळखू येत नाही. ओळखू आला असता तर नवीन कसला?
तरी संध्याकाळी उकिरड्यावर जाऊन आलो. साम्य आहे. पण वरवरचं.

९ ऑक्टोबर
राजेश्री दिवाळीला येणार. दोन वर्षांनी. आईला फोनवर म्हणाली, चार दिवस राहीन. माझं नाव घेतलं का, असं मंजुषाला विचारलं. ती पीठ चाळत राहिली.
फळांचे घोस लागलेत, अजून हिरवे आहेत. वेळेवर पिकायला पाहिजेत. ती येईल, पाटी वाचेल, स्वतःचं नाव बघेल, हसेल. म्हणेल, बाबा, माझ्या वहीवरून केलं? मग मागचं सगळं मिटेल. आपण काय बोलायचं ते कागदावर लिहायला बसलो. पहिलंच वाक्य जमेना. फळं बोलतील.

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी
फळं पिकली! काळीनिळी, चमकदार. आकाराने थोडी लहान आहेत, पुढच्या पिढीत बघू. पाटी रंगवली: वाण राजेश्री-१. संशोधक आदिनाथ सर. एकदा वाटलं, संशोधकात तिचंही नाव पाहिजे होतं. पाटीवर जागा नव्हती.
ती दुपारपर्यंत येईल. दाढी केली.

२० ऑक्टोबर
आज सकाळी तिने कुंड्या बघितल्या. पाटी वाचली. हसली नाही. एक फळ तोडून नखाने फोडलं, वास घेतला, पान उलटं करून बघितलं. म्हणाली, बाबा, ही कामोणी आहे.
मी म्हणालो, संकर आहे.
ती म्हणाली, बी कशात पेरलं? शेणखतात, म्हणालो. मग तिने विचारलं, बारीक, लालसर पानांचं काही उगवलं होतं का? मी म्हणालो, होतं की, तण होतं, दोन आठवडे रोज उपटत होतो, एक शिल्लक ठेवलं नाही.
ती ओट्यावर बसली. म्हणाली, तीच ब्लूबेरी होती. तुमचा क्रॉस जमला होता, बाबा. ज्या क्रॉसला लोक कॉलेजात वर्ष घालवतात, तो तुम्ही माझ्या वहीवरून घरी जमवलात. मी लिहून ठेवलं होतं ना, काही उपटू नका म्हणून.
मी म्हणालो, वाचलं होतं.
तिने बाराही कुंड्यांची माती बोटाने चाळून बघितली. सापडलं नाही काही. माझा हात सगळीकडे पोचला होता.
सहा वर्षांत माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
राजेश्री गेली. जाताना वही मागितली. मी आत पत्र ठेवून दिली. तिने उघडली, पत्र बघितलं, काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, हे तुमच्याकडंच राहू द्या. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.
एसटी स्टँडवर ते पहिलं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पोरीचं शिक्षण मी मोडलं, एवढंच म्हणायचं होतं. गाडी आली. मी म्हणालो, पिशवीत चकल्या आहेत, फुटतील, मांडीवर घे.
घरी आलो तर कडूबाई कामोणी उपटत होत्या. पाला कोवळा आहे म्हणाल्या. मी अडवलं नाही. मंजुषाने भाजी केली. बरी होती.
संध्याकाळी राजेश्रीचा फोन आला, पोचले म्हणून. मंजुषाने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे राजेश्री होती, तिने कट केला नाही. हॅलो बाबा, म्हणाली, दोनदा. मी फोन परत मंजुषाच्या हातात दिला. नेटवर्क फुल होतं.