यिंगताओला कळणारी बोली

दुजियांगयान,
७ नोव्हेंबर

प्रिय सूछिन,

आधी दादाचा आशीर्वाद घे, मग तक्रारी. आम्ही खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते. म्हणजे प्रकृती उत्तम.

तुझी लाडकी यिंगताओ पोचली. जन्मली तिकडे अमेरिकेत, दोन देशांच्या कराराप्रमाणे नांदायला आली इकडे. आल्याबरोबर तिने अन्नत्याग आरंभला. बांबूकडे पाठ, मक्याच्या वाफवलेल्या वड्यांकडे पाठ, माझ्याकडे तर खास पाठ. रक्त तपासायला जाळीतून हात पुढे करायला तिथल्या प्राणिसंग्रहालयात तू तिला शिकवलं आहेस म्हणे. आम्ही सुई घेऊन ताटकळत उभे!

डॉक्टर निए बाईंनी निदान केलं, “अमेरिकेत वाढलेली पांडा. हिला आपली भाषा कशी कळणार?” झालं! आमचं अख्खं पांडा केंद्र इंग्रजीत बोलू लागलं. पन्नाशी उलटलेला तुझा दादा “कम हिअर, डार्लिंग” म्हणत पिंजऱ्याला प्रदक्षिणा घालत होता.

निए बाई म्हणाल्या, “त्सेंगभाऊ, तुमचे उच्चार ऐकूनच तिची भूक मेली असेल.”

वजन मात्र खरंच उतरत होतं. शेवटी गुंगीचं औषध देऊन सलाइन लावायचं ठरलं. त्या सकाळी मी वैतागलो आणि आपल्या गावच्या हेलात लहानपणी तू रुसलीस की आई म्हणायची तेच तोंडून निघालं : “राजकन्ये, जेवायला येतेस की पालखी पाठवू?”

यिंगताओ ताडकन उठली. जाळीपाशी येऊन बसली, हात पुढे केला. मग वडी खाल्ली आणि दुसरीसाठी जाळी खडखडवली.

सगळे हसले. मी बांबू आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो. दोन देशांनी मिळून एवढं संशोधन केलं, पण ही गोष्ट एकाही अहवालात नव्हती.

दर रविवारी फोनवर तू सांगतेस, “मजेत आहे, दादा. सवय झाली आता.” मीही “बरं” म्हणतो. मग विदुषी, इतक्या मजेत असलेल्या बाईला एका अस्वलाशी आईच्या हेलात बोलावंसं का वाटलं?

उत्तर देऊ नकोस. मी विचारलेलं नाही.

आईला हे सांगितलं. ती गुडघे विसरून खाली बसली आणि मुळ्याच्या लोणच्याची मोठी बरणी भरली, मूठभर मिरच्या घालून. मला डॉक्टरांनी तिखट बंद केलंय हे तिला पक्कं ठाऊक आहे. बरणी वसंतोत्सवापर्यंत, नव्या वर्षाला सगळे घरी जमतात तोवर, छान मुरेल.

यिंगताओला करारामुळे यावं लागलं. तुझ्यावर कुणाची सक्ती नाही. म्हणूनच पुढचं लिहायला हात अडखळतो. तेव्हा आईचेच शब्द उतरवतो :

राजकन्ये, जेवायला येतेस की पालखी पाठवू?

पालखीचा पुढचा भोई,
तुझा दादा