बेचाळिसावा नागरिक

४ जानेवारी
आज सकाळी आम्ही, म्हणजे सावंतवाडीचे निवृत्त संस्कृताध्यापक मुकुंद केळुसकर, होडीतून उतरून परराष्ट्रात पदार्पण केले. तारकर्लीच्या खाडीतले हे बेट, खारजुवे. पुलाचे एकविसावे आश्वासन वाहून गेल्यावर सहा वर्षांपूर्वी त्याने स्वातंत्र्य घोषित केले. लोकसंख्या एकेचाळीस. सीमेवर, इन्सुलीच्या तपासणी नाक्याच्या धर्तीवर, एक आडवा बांबू. भूतलावरील एकाही राष्ट्राची मान्यता नाही. पैलतीरावरील चहावाल्या लिओनने मात्र तोंडी दिली आहे. राष्ट्राध्यक्ष गंगाराम माडावर असल्याने आमचे स्वागत वरूनच झाले.

कार्य एवढेच, की राज्यपरिचयाची पुस्तिका लिहावी. वीस तारखेला कन्या दिव्याचा साखरपुडा, तत्पूर्वी परतायचे. तिला पत्र टाकले: सोहळा आटोपला की जावयासह हे राष्ट्र पाहून जा.

दुपारी देवळापुढे आमच्यासाठी गाऱ्हाणे, म्हणजे देवाला सामूहिक साकडे, झाले. गंगारामांनी हाक घातली, "बा देवा म्हाराजा, ह्यो मास्तर आज आमच्यात इलो आसा. ह्येका आमचो करून घे, पलीकडची वळख सोडय, रे म्हाराजा!" सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!" असे वृंदगान ऐकून आमच्यातला विदूषक मौन कसा पाळणार? सर्वांत मोठ्याने आम्हीच "व्हय" म्हणालो. कोणी हसले नाही. रसिकतेचे दुर्भिक्ष.

८ जानेवारी
पैलतीरी गेलो. चार दिवसांपूर्वी साखरेवरून ज्याच्याशी शास्त्रार्थ केला, त्या लिओनने विचारले, नवीन काय, खंयसून इलास? स्मृतिभ्रंश अकालीच जडला बिचाऱ्याला. पुढे मालवणच्या मासळीबाजारात आमचा विद्यार्थी सिद्धेश भेटला. पाच वर्षे त्याला रूपे घोकवली. त्याने, काका जरा सरा, म्हणून पापलेट उचलले.

पायांना फार शीण आला.

१२ जानेवारी
सुशीलेला दूरध्वनी केला. सत्तावीस वर्षांचा संसार. तिने सभ्यपणे विचारले, आपण कोण? सांगितले. म्हणाली, अशी थट्टा करू नये. दिव्याचे वडील ती लहान असतानाच गेले.

शेजारच्या खोलीतल्या जेसिंताबाईंना, ज्यांच्याकडे जेवतो त्यांना, हे सांगितले. त्यांनी कालवण ढवळणे थांबवले. "मास्तरांनू, ज्येच्यासाठी गाऱ्हाणा, त्येना गप ऱ्हवचा असता. इतके पावणे इले, हात जोडून उभे ऱ्हवले, घराक गेले. तुमी कित्याक वरडलास?"

विनोद म्हणून, असे म्हणालो.

त्याही कधी अशाच हसत "व्हय" म्हणाल्या होत्या. त्यांचा मुलगा सिडनी दर मे महिन्यात धक्क्यावर येतो, त्यांच्या हातचा चहा पितो, "मावशी, बरो आसा" म्हणतो आणि जातो.

१५ जानेवारी
गंगारामांशी भांडलो. ते रागावले नाहीत. दमलेल्या आवाजात म्हणाले, राष्ट्राक माणसां लागतत, मास्तर. उलटे गाऱ्हाणे नाही. पलीकडच्या कोणी आपणहून नावाने हाक मारली तरच सुटका. सहा वर्षांत कोणी मारलेली नाही.

२० जानेवारी
गेलो. मांडवात उभा राहिलो. दिव्याने पाणी दिले. आपण कोणाकडचे, असे विचारले —

पाणी प्यालो. मी. रिकामा पेला परत दिला.

तिला हसताना पाहिले. खळी माझीच.

२३ जानेवारी
पुस्तिका पूर्ण. लोकसंख्या: द्विचत्वारिंशत्. पुढे काय लिहावे —

२५ जानेवारी
होडी आली. दोघे उतरले. दिव्या. हातात माझे पत्र. कोणा अनोळखी गृहस्थाचे, पण भाषा गमतीची, म्हणून आलो, असे ती गंगारामांना सांगत होती.

धावलो. सांगितले, बोलू नकोस, काही झाले तरी बोलू नकोस. काका, बसा, तुम्हाला धाप लागली आहे, म्हणाली. जावयाने मला हळूच बाजूला केले.

आता देवळापुढे. जेसिंताबाईंनी माझा दंड धरला आहे. वही गुडघ्यावर. गंगारामांनी नाव घेतले — तिचे —

जावई हात जोडून गप्प. शहाणा मुलगा.

ती हसते आहे. नको ते हसू, ही खोड माझी, बाळ, माझी — सगळे गरजले — तिने मान वर केली, तोंड उघ