मोटार वाइंडिंगला मास्तर हवा

मंगळवार, जून १९९८

आज बावड्याच्या मुलींच्या शाळेत मोटार वाइंडिंगचा, म्हणजे विजेच्या मोटारीत तांब्याची तार गुंडाळायला शिकवणारा, शिक्षक निवडायचा होता. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मलाही बोलावलं. दोन उमेदवारांनी मुलींसमोर एकेक पाठ घेतला. बी.एड. झालेल्या बाईंनी फळ्यावर सुरेख आकृती काढली, पण तारेला हात लावला नाही. आयटीआय झालेल्या पाटीलने लावला, तर सोडेचना! समोरच्या मुलीच्या हातून तार ओढून स्वतःच गुंडाळत सुटला. शिकवायचं कसं, हे कुणी शिकवलंय का याला? आमच्या कॉन्व्हेंटातल्या नन्स भरतकामाच्या तासाला रुळानं बोटं बडवायच्या, पण टाका आमच्याकडूनच घालून घ्यायच्या.

शाळेचे सेक्रेटरी म्हणाले, “बाई, कुणालातरी घ्या की. न्हायतर वर्ग बंद हुतोय.”

वर्ग बंद म्हणजे पोरी पुन्हा भरतकामाला. मुळीच नाही. पाटीलला घेतलं. अट एकच, पहिला महिना हात पाठीमागे ठेवून शिकवायचं.

“मग काम कुणी करायचं, बाई?” पाटीलने विचारलं.

“पोरींनी,” मी म्हटलं. “शाळा त्यांची आहे.”