पानं मांडली, चला

९ जानेवारी

आज पुन्हा दोघांचं पाणी तापवलं. एक बादली तशीच निवली. जास्वंदीला ओतली.

सकाळपासून भेटायला माणसं. सगळ्यांच्या तोंडी एकच. "बाबू सुटला गं शैला. तूही सुटलीस." सुटलीस म्हणे! मी काय दावणीला बांधलेली होते? भाऊ गेलाय माझा, पाठचा. चहा अर्धा राहिला. शेजारची कुसुमवहिनी म्हणाली, "असल्या लेकरांना देव नेतोच." लेकरू कसलं? छप्पन्न वर्षांचा बाप्या. दाढी पांढरी झालेली. दर रविवारी मीच करून द्यायची, तर गाल फुगवून बसायचा, हसायचा आणि कापून घ्यायचा.

घरात बसवत नाही. तीनदा वाडीत जाऊन आले. सुपाऱ्या पडल्यात, वेचल्या नाहीत.

१० जाने.

धाकटा विलास पनवेलहून आला. चपला काढायच्या आधी सुरू. "ताई, तेरावं घरातल्या घरात उरकू. त्याच्या मागे ना बायको ना पोर. कोण येणार जेवायला?"

म्हटलं, आख्खी आळी येईल.

"आळीला काय त्याचं?"

डोकंच फिरलं. आळीत बारसं असो, लग्न असो, कुणाचं तेरावं असो. सकाळचं आमंत्रण कुणीही करेल. पण जेवण तयार झालं की 'पानं मांडली, चला' ही दुसरी हाक दारात आल्याशिवाय आपल्या चौलात कुणी ओटी सोडतं का? ती हाक इतकी वर्षं कोण मारत आलं? बाबूच ना? विसरला पनवेलकर.

वि. म्हणे, "हल्ली ग्रुपवर टाकतात ताई."

टाक बाबा. जेवण आळीचंच होणार. हट्टच म्हण माझा. बाबू त्यांच्या लेखी माणूस होता का नुसतं आमच्या गळ्यातलं लोढणं, ते त्या दिवशी कळेल मला. माणसं आली तर आली.

११ जाने.

कपाट आवरायला घेतलं, तसंच टाकलं. भाजी चिरायला घेतली, करपवली.

शाळेनं बाबूला दुसऱ्या आठवड्यात घरी धाडलं होतं. गुरुजींच्या डब्यातली पोळी खाल्ली, वर डबा विहिरीत टाकला. अण्णांनी, बाप असून, मारलं नाही. हाताला धरून आळीभर फिरवलं, प्रत्येक दारात उभं केलं आणि 'पानं मांडली, चला' म्हणायला लावलं. जीभ जड त्याची. वाक्य पुरं यायला पावसाळा गेला. नंतर अण्णा मागे राहायला लागले, मग घरीच.

डोक्यावर टोपी, शर्टाची वरची गुंडी लावलेली. एकही घर गाळायचा नाही. यजमानाचं ज्या घराशी वाकडं, तिथेही जाऊन हाक मारून यायचा! मग काय करता? दारात आलेल्याला कोण परत पाठवतं? दोन भावकींचं बोलणं त्याच्यामुळे सुरू झालंय. शिव्याही त्यालाच.

आणि एकदा बुंदीचा वास आला म्हणून दहालाच हाका मारून मोकळा. आळी हजर, तांदूळ अजून सुपात. कुसुमवहिनीची सासू झाडू घेऊन मागे लागलेली. हा वाडीत पळाला, संध्याकाळपर्यंत आलाच नाही. आता लिहिताना हसू आलं. बरं वाटलं जरा.

१४ जाने.

संक्रांत. आम्हाला सुतक.

तो काही गरीब गाय नव्हता. चिडला की हाताला चावायचा, माझ्या मनगटावर खूण आहे. दत्ताच्या जत्रेतून दरवर्षी पिपाणी हवी. ती फुटेपर्यंत घरात कुणाला झोप नाही. फुटली की हा रडणार.

तिशीत होता तेव्हा लग्नाचं घेऊन बसला. आईला म्हणाला, "सगल्यांच्या लग्नाला मी बोलवतो. माज्या लग्नाला कोन बोलवनार?" आई मागीलदारी गेली. मी म्हटलं, मी बोलवेन रे. तर म्हणाला, "तुला येत न्हाय."

खरंच. मला कुठे येतं.

१७ जाने. तेरावं

रात्र खूप झालीय. तरी लिहिते.

सकाळी वि.ने ग्रुपवर टाकलं, मी शेजारी-पाजारी सांगून आले. गोपाळ आचाऱ्याने वालाचं बिरडं, भात, खीर केली. वाडीतली केळीची पानं पुसून ठेवली. बारा वाजले. कुणी नाही. साडेबारा. रस्त्यावर कुत्रं नाही. गोपाळ तीनदा विचारून गेला, "ताय, भात गार होतोय. पानं मांडू का नको?" म्हटलं, मांड.

पानं मांडली. माणसं नाहीत. वि. नुसता बघत होता. मग म्हणाला, "जाऊ दे ताई. तू वाईट वाटून घेऊ नकोस." ते हळू आवाजातलं ऐकलं आणि आगच लागली मला. ह्या लोकांच्या पंगती माझ्या भावाने भरवल्या, आणि आज एकाला पाय नाही? पदर खोचला. म्हटलं, एकेकाला दारात जाऊन विचारते.

पहिलं घर नथूकाकांचं. तोंड उघडणार तर काका ओटीवर. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात काठी.

"कवापासून बसलोय," म्हणाले. "बोलवणं कुठं आलं अजून?"

बोलवणारा कुठे आहे आता, ते तेव्हा मला उमगलं. त्यांच्याही ध्यानात तेव्हाच आलं असावं. काठी खाली ठेवली त्यांनी.

पलीकडे कुसुमवहिनी नेसून, गजरा न घालता, उंबऱ्यात उभी. तिच्या पुढच्या घरी पोरंटोरं भांग पाडून बसलेली. सगळी आळी आपापल्या ओटीवर तयार! कुणी कुणाला विचारलं नाही. वहिनी रडायलाच लागली. "कान दाराकडेच होते गं. वाटत होतं, येईलच आता."

तिच्याच दारात पहिल्यांदा म्हटलं. पानं मांडली, चला. आवाज फाटला. पुढच्या दारात जरा बरा निघाला. एकही घर गाळलं नाही. ज्यांच्याशी आम्ही वाडीच्या कुंपणावरून बोलत नाही, त्यांच्याकडेही गेले. तेही आले.

तीन पंगती उठल्या. भात पुन्हा टाकावा लागला. वि. स्वतः खीर वाढत होता, डोळे पुसत होता आणि कुणी विचारलं की धूर गेला म्हणत होता. चूल परसात!

आज कुणी 'सुटलीस' म्हणालं नाही.

१८ जाने.

वि. निघाला. म्हणे, "ताई, चल पनवेलला. इथे एकटी काय करशील? खोली रिकामी आहे." चांगला बोलला, मनापासून. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. हो म्हटलं. नंतर दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत.

२४ जाने.

बॅग अर्धी भरलीय. बाबूची टोपी घेऊ का ठेवू, ठरत नाही. वि. उद्या येणार.

आज कुसुमवहिनीच्या नातवाचं बारसं. सकाळी बोलावून गेली. मघाशी मोबाईल वाजला, तिच्या मुलाने ग्रुपवर टाकलंय, पानं मांडली आहेत, यावे. खाली हात जोडल्याचं चित्र.

मी नेसून तयार. खिडकीतून पाहिलं. नथूकाका सदरा घालून ओटीवर. पलीकडची पोरं भांग पाडून बसलेली. कुणी उठत नाही. नथूकाकांच्या हातातही मोबाईल आहे, वाचलंय त्यांनी. माझ्या खिडकीकडे बघतायत.

आता कुसुमवहिनीचा फोन. "शैला, माणसं येईनात गं."

पनवेलला असते तर? कोणी उचलला असता हा फोन?

टोपी खुंटीवरून काढली. परत अडकवली. चपला घातल्यात. आजच्या दिवस जाते. उद्या गाडी आली की काय सांगायचं, ते उद्या.